जोदो पुण्यात, शिक्षक जपानमध्ये: प्रकल्प नोंदी

३ फेब्रुवारी: कला निवडणं

जोदो म्हणजे काठीने तलवारीला उत्तर देण्याची जपानी युद्धकला. मांडणी अशी आहे. चौघांचा गट पुण्यात, शिक्षक जपानमध्ये. आठवड्याला एक थेट तास, मधल्या दिवसांत व्हिडिओ पाठवून दुरुस्त्या. या मांडणीत सगळ्या जपानी युद्धकला बसत नाहीत, म्हणून निवड आधी करावी लागली.

इआयदोला (म्यानातून तलवार उपसण्याची कला) धातूचं पातं लागतं. त्याला धार नसली तरी बाहेरून मागवताना सीमाशुल्क आणि १९५९ चा शस्त्र कायदा हे दोन्ही प्रश्न समोर येतात. क्युदोला (धनुर्विद्या) बाण सोडायला २८ मीटरचं मोकळं अंतर हवं. केंदोला (तलवारबाजी) बोगु, म्हणजे पूर्ण चिलखत. जोदोला मात्र दोनच लाकडी वस्तू पुरतात: १२८ सेंमीची काठी (जो) आणि साधारण १०१.५ सेंमीची लाकडी तलवार (बोकुतो).

दुसरं कारण जास्त महत्त्वाचं. अखिल जपान केंदो महासंघाने १९६८ साली जोदोचा एक प्रमाण संच ठरवला. त्यात १२ मूलभूत क्रिया आणि १२ काता (जोडीने करायचे ठरलेले क्रम) आहेत. पाऊल कुठे, मूठ किती उंचीवर, नजर कुठे, हे त्यात लिहून ठेवलेलं आहे. त्यामुळे शिक्षक आणि शिकणारे हजारो किलोमीटरवरून एकाच मापाबद्दल बोलू शकतात. ज्या जुन्या शाळेतून हा संच निघाला त्या शिंतो मुसो र्युचं शिक्षण गुरूच्या हाताखाली, समोरासमोरच होतं. ते पडद्यावरून शिकायचा विचारही करू नये. या नोंदी फक्त प्रमाण संचाच्या आहेत.

किमान दोन माणसं हवीत, चार असतील तर बरं. दोघंजण काता करतात, तिसरा कॅमेरा बघतो, चौथा अंतर आणि वेळ तपासतो. दोघांच्याच गटात चित्रीकरण कायम कच्चं राहतं.

१० फेब्रुवारी: जागा

फ्लॅटमध्ये जमत नाही. बोकुतो डोक्यावरून खाली येताना टोक पावणेतीन मीटरच्या आसपास जातं. आपल्याकडचं छत तेवढं उंच असलं तरी पंखा त्याच्या आड येतो. जोडीच्या कातांना साधारण ९ मीटर लांब आणि ४ मीटर रुंद जागा लागते, कारण दोघं लांबून चालत येतात आणि काता संपल्यावर मागे परत जातात.

गच्ची सहज मिळते, पण पुण्यातल्या बऱ्याच गच्च्यांवर चायना मोझॅक असतं. अनवाणी पाय घासत सरकवला की फुटक्या फरशीच्या कडा तळव्याला लागतात. एकमेकांत अडकणाऱ्या फोमच्या मॅट टाकून पाहिल्या. पाय सरकत नाही, वळताना अंगठा अडकतो आणि मॅटच खालून हलते. सतरंजी तर घसरते. शेवटी गच्चीवर सपाट तळाचे कॅनव्हासचे बूट आणि जोडीच्या सरावासाठी सोसायटीचा हॉल (कोटा फरशी), अशी वाटणी केली. बुटात पायाची सरक शिकता येत नाही. त्यामुळे गच्चीवर फक्त एकट्याने करायच्या क्रिया.

गच्चीवर सरावाची रेषा उत्तर-दक्षिण आखायची. पूर्व-पश्चिम आखली की सकाळी एकाच्या डोळ्यांत ऊन जातं आणि समोरून येणारा वार त्याला उशिरा दिसतो.

पु. ल. देशपांडे उद्यानात सराव का करत नाही, हा प्रश्न सगळे विचारतात. जपानी धाटणीची बाग आहे, वातावरणही शोभतं. पण ती सार्वजनिक जागा आहे, मुलं पळत असतात आणि सव्वा मीटरच्या काठीला तिथे स्थान नाही. कायद्याचा भाग ऑगस्टच्या नोंदीत आहे.

२४ फेब्रुवारी: लाकूड

जोची मापं: लांबी १२७.६ सेंमी, व्यास २४ मिमीच्या जरा वर. घनफळ साधारण ५८० घन सेंमी होतं. त्यावरून कोणत्या लाकडाची काठी किती वजनाची होईल याचा अंदाज बांधता येतो. सागवान ३७५ ग्रॅमच्या आसपास, ॲश ३९०, शिसम ४६०, बाभूळ ४८०. जपानी काशी, म्हणजे तिकडचा सदाहरित ओक, ४९० ते ५२०.

आधी लाठीचा भरीव बांबू घेतला, कारण तो तयार मिळतो. उपयोग झाला नाही. जोदोमध्ये हात काठीवरून सतत सरकतात आणि बांबूचं प्रत्येक पेर हाताला अडतं. पेरं तासली तर तिथेच बांबू कमजोर होतो. शिवाय व्यास एका टोकाकडे कमी होत जातो. जोची दोन्ही टोकं सारखीच वापरायची असतात, त्यामुळे हेही चालत नाही.

मग भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये शोध. सागवान हलका, आणि आपटला की त्याच्या ढलप्या निघतात. शिसमाचं वजन चांगलं, पण रेषा एकमेकींत गुंतलेल्या, त्यामुळे आडव्या आघाताला भरवसा नाही. बाभूळ कणखर, पण सव्वा मीटर सरळ रेषेचा तुकडा मिळणं फार अवघड. मिळालेला तुकडा पंधरवड्यात वाकला.

फर्निचरसाठी आयात होणारा ॲश वखारीत मिळतो. तो हलका असला तरी रेषा सरळ आणि लवचीकपणा चांगला. अमेरिकन व्हाइट ओकसुद्धा मिळतो, पण तो काशी नव्हे. त्याच्या वर्षवलयांत छिद्रांचा मऊ थर असतो आणि आघाताने तो थरावर सुटतो. ‘ओक आहे ना, मग झालं’ असं म्हणून घेऊ नका.

तुकडा निवडताना वखारवाल्याला लांबी सांगायच्या आधी रेषा बघा. पट्टीच्या चारही बाजूंना रेषा एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायला हवी. मध्येच कडेला बाहेर पडत असेल तर काठी तिथेच तुटणार. गाठ नको, अगदी टाचणीच्या डोक्याएवढीही नको.

९ मार्च: काठी घडवणं

पहिला प्रयोग लेथवर. सव्वा मीटर लांब आणि इतकी बारीक काठी दोन टोकांत धरून फिरवली की मधोमध थरथरते. हत्यार तिथे जास्त लाकूड काढतं. टोकांना २४ मिमी आणि मध्ये २२.५, अशी काठी निघाली. मधे आधार देणारं बेअरिंग असलेला लेथ मिळाला तर जमेल. तसा नसेल तर सुताराकडून रंध्यानेच करून घ्या. वेळ जास्त लागतो, पण काठी सरळ निघते.

पद्धत: २७ मिमी चौरस पट्टी घ्यायची, लांबी १३० सेंमी. प्रत्येक कडेपासून दोन्ही बाजूंना ८ मिमीवर पेन्सिलने रेघ ओढायची आणि त्या रेघांपर्यंत कोपरे रंधायचे. अष्टकोन तयार होतो. मग अष्टकोनाच्या कडा तासून सोळा बाजू. त्यानंतर कानस आणि पॉलिश पेपर. पॉलिश पेपर ८०, १२०, १८०, २४०, ३२० या क्रमाने. वरचे नंबर घाईने सोडले तर ८० चे ओरखडे शेवटपर्यंत दिसतात आणि हाताला जाणवतात. शेवटी दोन्ही टोकं कापून १२७.६ सेंमी करायची आणि टोकाची धार अगदी हलकी मोडायची. पूर्ण गोल करायची नाही.

व्यास तपासायला व्हर्नियर नसेल तर कागदाची पट्टी काठीभोवती गुंडाळा. घेर ७६ मिमी भरला पाहिजे. एकूण पाच ठिकाणी मोजा: दोन टोकं, मध्य आणि मधली दोन.

व्हार्निश अजिबात नको. घाम आला की हात चिकटतो. अळशीचं तेल लावायचं. रंगाच्या दुकानात ‘डबल बॉइल्ड’ मिळतं, ते चालतं, पण थर अगदी पातळ हवा. लावल्यावर पंधरा-वीस मिनिटांनी कोरड्या फडक्याने जोर लावून पुसून काढायचं, दोन दिवस सुकू द्यायचं आणि पुन्हा एकदा. जाड थर दिला तर वरती चिकट साय धरते आणि ती पुन्हा घासून काढावी लागते.

तेलाचं फडकं चुरगाळून डब्यात किंवा कोपऱ्यात टाकू नका. अळशीचं तेल सुकताना उष्णता तयार होते आणि गोळा केलेलं फडकं आपोआप पेट घेऊ शकतं. दोरीवर पसरून वाळवा किंवा पाण्यात भिजवून मग टाका.

बोकुतो इथे घडवून घेण्याच्या भानगडीत पडू नये. सरळ रेषेच्या फळीतून वाक कापला की रेषा कडेला बाहेर पडते आणि तलवार टोकाकडून चिरते. स्वस्त तयार बोकुतोंवर जाड व्हार्निश असतं आणि त्याखालचं लाकूड दिसत नाही. एका घसघशीत आघातात एकीचा कपचा उडाला. शेवटी जोडीच्या सरावासाठी काशीचे जो आणि बोकुतो जपानहूनच मागवायचे ठरवलं. ॲशच्या काठ्या एकट्याच्या सरावाला ठेवल्या.

२३ मार्च: कॅमेरा

शिक्षक जे बघू शकत नाहीत ते दुरुस्त करू शकत नाहीत. तरीही बहुतेक लोक याच कामाला सर्वांत कमी वेळ देतात.

फोन कमरेच्या उंचीवर, ९० ते १०० सेंमी. डोक्याच्या उंचीवर ठेवला तर गुडघ्यांचा वाक आणि टाचा दिसत नाहीत. एकट्याच्या क्रियेसाठी ४ मीटर, जोडीसाठी ६ मीटर अंतर. जागा कमी म्हणून रुंद लेन्स (०.५) लावली की चौकटीच्या कडेला काठीचा कोन खोटा दिसतो. शिक्षकांनी दुरुस्त केलेला एक कोन मुळात बरोबर होता. लेन्सने तो तिरका केला होता आणि त्यात आठवडा गेला. कायम मुख्य लेन्स वापरा.

पुढच्या कॅमेऱ्याने चित्रीकरण नको. काही फोनांत आरशातली प्रतिमा साठवली जाते आणि डावं-उजवं उलटतं. जोदोमध्ये जवळपास प्रत्येक क्रिया डावी-उजवी अशी दोन्ही होते, त्यामुळे हा गोंधळ महागात पडतो.

वेग सेकंदाला ६० चौकटी. प्रत्येक फोनमध्ये सोय नसते, पण असेल तर शटर १/५०० किंवा त्याहून जलद करा. त्यासाठी सकाळचा भरपूर उजेड हवा. संथ शटरला काठीचं टोक पुसट पट्टा होतं. वेगात फिरणारी काठी फोनच्या चित्रात वाकलेली दिसते, तो सेन्सर ओळीओळीने चित्र वाचतो त्याचा परिणाम आहे. शिक्षकांना आधीच सांगून ठेवा, नाहीतर ते काठी बदलायला सांगतील. हॉलमध्ये एलईडी दिव्यांमुळे चित्रात पट्टे आले तर शटर १/१०० वर आणा.

कपडे: हाकामा सरावाला ठीक, चित्रीकरणाला नाही. गुडघे आणि पाऊल झाकले जातात. अंगाला बसणारी गडद ट्रॅक पँट, पांढरा सदरा, मागची भिंत पांढरी नको. काठीवर मध्यभागी (६३.८ सेंमी) आणि दोन्ही टोकांपासून ४२.५ सेंमीवर मार्करने बारीक वेढा काढायचा. हात किती सरकला ते लगेच कळतं. चिकटपट्टी लावू नका, हात तिथेच अडतो.

प्रत्येक क्रियेच्या तीन फिती: समोरून, उजव्या बाजूने काटकोनात, आणि मागून तिरक्या कोनातून. एका फितीत एकच क्रिया, लागोपाठ तीनदा, मिनिटाच्या आत. व्हॉट्सॲपवर व्हिडिओ म्हणून पाठवला की तो दाबला जातो आणि टोकाची हालचाल नाहीशी होते. डॉक्युमेंट म्हणून किंवा ड्राइव्हच्या दुव्याने पाठवा. फाइलचं नाव: तारीख, क्रिया, बाजू, कोन.

६ एप्रिल: थेट तास

जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे. इथले सकाळचे साडेसहा म्हणजे तिकडचे दहा. संध्याकाळचा तास जमत नाही, कारण इथे साडेसात वाजतात तेव्हा तिथे रात्रीचे अकरा. रविवार सकाळ साडेसहा ठरली.

पहिल्या तासात आवाजाचा घोटाळा. कॉलचं सॉफ्टवेअर काठीचा ठोका आणि किआई (आरोळी) यांना गोंगाट समजून कापून टाकतं. शिक्षकांना ठोक्याच्या आवाजावरून आघात कुठे बसला ते ओळखायचं असतं आणि त्यांच्याकडे नुसती शांतता पोचत होती. झूममध्ये ‘ओरिजिनल साउंड’ सुरू करा. इतर ठिकाणी नॉइज सप्रेशन बंद करा.

शिक्षकांच्या गणतीवर क्रिया करायची नाही. आवाज उशिरा पोचतो, चित्र आणखी उशिरा. गणती इथल्याच एकाने द्यायची.

थेट तास नवीन क्रिया दाखवण्यासाठी आणि शंकांसाठी. बारीक दुरुस्ती साठवलेल्या फितीवरच होते, कारण शिक्षक ती थांबवून, मागे नेऊन बघतात. तासाच्या आदल्या गुरुवारपर्यंत फिती पोचल्या नाहीत तर रविवारचा तास निम्मा वाया जातो. दुरुस्त्या एका सामायिक वहीत, प्रत्येकाच्या नावापुढे. एका वेळी एकाच दुरुस्तीवर काम. तीन-तीन दुरुस्त्या घेऊन सराव केला तर पुढच्या फितीत एकही झालेली दिसत नाही.

भाषेची अडचण वाटली होती तेवढी नाही. पुण्यात जपानी शिकणारे भरपूर आहेत. गटात एक असला की पुरे. नसेल तर क्रियांची नावं आणि शरीराच्या भागांचे जपानी शब्द पाठ करा. पन्नासेक शब्दांत काम भागतं.

४ मे: एकट्याने करायच्या क्रिया

संचातल्या १२ मूलभूत क्रिया: होन्ते उची, ग्याकुते उची, हिकिओतोशी उची, काएशी झुकी, ग्याकुते झुकी, माकी ओतोशी, कुरी त्सुके, कुरी हानाशी, ताई आतारी, त्सुकी हाझुशी उची, दोबाराई उची, ताई हाझुशी उची. हा क्रम बदलायचा नाही. पहिल्या पाच पडद्यावरून चांगल्या शिकता येतात. माकी ओतोशीपासून पुढे समोर माणूस नसेल तर नुसता आकार येतो.

लाठीकाठी किंवा मर्दानी खेळ केलेल्यांना काठीची भीती नसते, ही मोठी जमेची बाजू. पण त्यांचं मनगट काठी फिरवायला सवकलेलं असतं. जोमध्ये गरगर फिरवणं नाही. काठी सरळ रेषेत जाते, हात तिच्यावरून सरकतो आणि शेवटी कंबर आघात देते. फितीत खांदा आधी हलताना दिसला तर वेग निम्मा करा. खांदा गप्प बसेपर्यंत वेग वाढवायचा नाही.

मे महिन्यात सकाळी सातनंतर गच्ची तापते. काठी उन्हात ठेवली तर एका बाजूने सुकून वाकते. घरात आडवी, दोन-तीन ठिकाणी आधार देऊन ठेवा. भिंतीला तिरकी टेकवून ठेवलेली काठी हमखास कमान धरते. सरळपणा तपासायला कोटा किंवा शहाबादी फरशीवर लोळवून बघा. खालून उजेड लुकलुकताना दिसला तर वाक आला.

१ जून: ताची (तलवार) बाजू

या सगळ्या नोंदींतली कामाची नोंद हीच.

एप्रिलअखेर पहिले दोन काता, त्सुकीझुए आणि सुईगेत्सु, सुरू झाले. काठीवाल्याच्या (शिजो) फिती पुन्हा पुन्हा पाठवल्या, दुरुस्त्या आल्या, केल्या, तरी काता जुळेना. शिक्षकांनी मग तलवारवाल्याच्या (उचिदाची) फिती मागवल्या आणि दोष तिथे निघाला.

जोदोच्या कातांत तलवार चाल करते, काठी तिला उत्तर देते. म्हणून परंपरेने तलवार जाणकाराच्या हातात असते. नवशिक्यांच्या गटात असा जाणकारच नसतो. सगळ्यांचं लक्ष काठीवर, तलवार धरणारा ‘मदतीला’ उभा. मग तलवार खोटी पडते आणि तिला उत्तर देणारी काठीही खोटंच शिकते. दूर बसलेल्या शिक्षकांना काठीचा दोष दिसतो, त्याचं कारण दिसत नाही.

चार दोष सगळ्या गटात सारखे सापडले. वार पोचत नाही, डोक्याच्या वीतभर अलीकडे थांबतो, आणि काठीवाला कमी हलूनही वाचतो. दुसरा, वार पाठलाग करतो. काठीवाला कुठे सरकणार ते माहीत असल्याने तलवार आधीच तिकडे वळते. तिसरा, तलवारवाला वाट बघतो. काठीवाला हलला की मग वार काढतो, म्हणजे क्रमच उलटा. चौथा, चुदानमध्ये (तलवार समोर धरण्याच्या मधल्या पवित्र्यात) पकड सैल पडते. हिकिओतोशीचा (तलवार खाली ओढणारा) आघात यायच्या आतच बोकुतो बाजूला उडते, दिसायला झकास दिसतं आणि आघात मात्र शिकलेला नसतो.

उपाय असे केले.

अंतरासाठी: काठीवाला स्थिर उभा. तलवारवाला अगदी संथ वार आणतो आणि डोक्यावर मूठभर जागा ठेवून थांबतो. वार खरोखर पोचेल अशा ठिकाणी त्याच्या पुढच्या पायाच्या अंगठ्याजवळ फरशीवर खडूची खूण. कातामध्ये अंगठा त्याच खुणेवर आला पाहिजे. उंचीप्रमाणे खूण बदलते, म्हणून प्रत्येक जोडीची वेगळी.

पाठलागासाठी: जोडीच्या मधून जाणारी खडूची सरळ रेघ. काठीवाला सरकला तरी बोकुतोचं टोक रेघेवरच उतरलं पाहिजे. कॅमेरा बरोबर तलवारवाल्याच्या मागे, रेघेवर.

वेळेसाठी: तिसरा माणूस काठीवाल्याच्या पाठीमागे उभा राहतो आणि हात वर करून इशारा देतो. इशारा फक्त तलवारवाल्याला दिसतो, कधी लगेच, कधी उशिरा. काठीवाल्याला वार बघूनच हलावं लागतं.

पकडीसाठी: चुदानमध्ये डावी मूठ बेंबीपासून मूठभर पुढे. तिसऱ्याने पात्याच्या कडेवर तळहाताने हळूहळू दाब द्यायचा. तलवार ताठ करून अडवायची नाही आणि आधीच सोडायचीही नाही. आघात झाल्यावरच जायला हवी.

हास्सोमध्ये (तलवार डोक्याशेजारी उभी धरण्याच्या पवित्र्यात) मूठ कुठे, तेही याच सुमारास नीट झालं. तलवारीचा गार्ड जिथे असतो ती जागा तोंडाच्या उंचीवर, तोंडापासून मूठभर दूर. बहुतेकांची मूठ खांद्यावर टेकते आणि वार वर्तुळात येतो.

पुढचं वेळापत्रक: एक थेट तास ताचीसाठी, पुढचा जोसाठी, आलटून पालटून. नवीन गटाने पहिला महिना नुसत्या बोकुतोवर घालवला तरी चालेल. एप्रिल-मेमधल्या जोडीच्या सरावातलं फारसं काही टिकलं नाही, सगळं पुन्हा करावं लागलं.

२९ जून: पावसाळा

गच्ची बंद. मोझॅकवर शेवाळ धरतं आणि बुटातही पाय निसटतो. हॉलचे दिवस वाढवून घेतले.

हवेतल्या दमटपणाने लाकूड फुगतं, तेलाचा थर ओलसर लागतो आणि त्यावर पांढरी बुरशी येते. कोरड्या कापडाने पुसायची, गरज पडली तर ४०० च्या पेपरने हलका हात. पावसाळ्यात तेलाचा नवा थर देऊ नका, सुकत नाही. प्लास्टिकच्या पिशवीत काठी ठेवू नका, सुती पिशवी हवी.

१० ऑगस्ट: हिकिओतोशी आणि खडू

हिकिओतोशी उची ही पडद्यावरून शिकायला सर्वांत अवघड क्रिया. काठी तलवारीच्या कडेला घासत खाली ओढते. ती आडवी आपटली तर आवाज बद्द येतो आणि दोघांचेही हात झिणझिणतात. चित्रात दोन्ही जवळपास सारखंच दिसतं.

काठीच्या टोकाकडच्या वीतभर भागाला निळा खडू चोळला. आघातानंतर बोकुतोवर ठिपका उठला तर काठी आपटली, ८-१० सेंमीचा पट्टा उठला तर घासून गेली. त्या पट्ट्याचा फोटो फितीसोबत पाठवायचा. शिक्षकांना पट्ट्याच्या तिरकेपणावरून कोपराची चूक ओळखता येते. कुरी त्सुकेसाठीही हेच वापरलं, फक्त तिथे संपर्क दोन ठिकाणी होतो, म्हणून दोन रंग.

ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाल्यापासून नदीकाठच्या भागात संध्याकाळी आवाजाच्या खुणा कानावर पडत नाहीत. आवाज लागणारा सराव सकाळी.

कायद्याचा भाग. उत्सव, निवडणुका, बंद अशा काळात पोलीस महाराष्ट्र पोलीस अधिनियम, १९५१ च्या कलम ३७(१) खाली मनाई आदेश काढतात. त्यात शस्त्रांबरोबर काठ्या-लाठ्या बाळगण्यावरही बंदी येते. पिशवीत घातली म्हणून काठीला सूट मिळते असं धरून चालू नका. या काळात काठ्या आणि बोकुतो हॉलमध्येच कुलपात ठेवल्या, ने-आण बंद. आदेश वर्तमानपत्रात येतात, तारखा वहीत लिहून ठेवा.

२१ सप्टेंबर: दुखापती

जोदोत चिलखत नाही. मनगटावर, कानशिलावर, पोटाच्या वर (सुईगेत्सु) होणारे आघात थांबवायचे असतात, आणि थांबवायला शिकेपर्यंत वेग वाढवायचा नाही. शिक्षक जागेवर नसताना सरावाला पक्की मर्यादा हवी. आमची अशी: नवा काता चालण्याच्या वेगाने. शिक्षकांनी फीत बघून होकार दिल्यावर वेग एक पायरी वर. कानशिलावरचा आघात तळहाताच्या रुंदीइतका अलीकडे थांबतो.

सर्वांत जास्त लागतं तलवारवाल्याच्या बोटांना, तेही उजव्या हाताच्या. त्सुकीझुएमध्ये मनगटावर येणारी काठी जरा खाली घसरली की बोटं सापडतात. बोट सुजलं आणि वाकवताना दुखलं तर त्याच दिवशी एक्स-रे. ‘मुका मार आहे’ म्हणून सराव चालू ठेवला तर सहा आठवडे जातात.

प्रत्येक सरावाआधी काठी आणि बोकुतोवरून सुती फडकं फिरवायचं. धागा अडकला तिथे ढलपी उठली आहे. वरवरची असेल तर पेपरने घासून तेल. रेषेच्या दिशेने केसासारखी चीर दिसली तर ती वस्तू जोडीच्या सरावातून कायमची बाद. गोंद भरून परत आणू नका. चष्मेवाल्यांनी चष्म्याला मागून पट्टा बांधावा.

१६ नोव्हेंबर: खर्च आणि उरलेलं काम

ॲशची काठी: चिरणावळ धरून पट्टी साडेतीनशे-चारशे रुपये, सुताराची मजुरी पाचशे, तेल आणि पॉलिश पेपर मिळून दोनशेच्या आसपास. काशीचा जो आणि बोकुतो, कुरिअर आणि सीमाशुल्क धरून जोडीमागे बारा ते चौदा हजार. यात वस्तूंची किंमत निम्मीच. चौघांच्या दोन जोड्या एकाच पार्सलमध्ये मागवल्या तर भाडं वाटलं जातं. ट्रायपॉड हजारच्या आत. वाया गेलेला पैसा: बांबू, फोमच्या मॅट, बाभूळ, स्वस्त बोकुतो. सगळं मिळून साडेचार-पाच हजार. हॉलचं भाडं सोसायटीगणिक बदलतं, पावसाळ्यासाठी वेगळं बाजूला काढा.

काशीची काठी आल्यावर वजनाचा फरक जाणवतो. ॲशवर बसलेला वेग तिच्यावर थांबत नाही. पहिले दोन आठवडे परत संथ.

आज जमलेले काता: त्सुकीझुए, सुईगेत्सु, हिस्सागे, शामेन. साकान आणि मोनोमी चालण्याच्या वेगाने. कासुमी, ताची ओतोशी, राईउची आणि सेईगान यांचा ताची भाग फक्त सुरू केला आहे, काठीशिवाय.

दूरस्थ शिक्षणातून जोदोतली श्रेणी मिळत नाही. परीक्षा समोरासमोरच होते. त्याआधी शिक्षकांच्या समोर किमान एक शिबिर लागतं, कारण काठीतून येणारा दाब आणि दोघांमधलं अंतर त्यांनी स्वतः तलवार धरून तपासायला हवं. शिबिरासाठी यादी करून ठेवली आहे: हिकिओतोशीचा पट्टा, कुरी त्सुकेचा दाब, ताई आतारीत (अंगाने धडक) कंबर कुठे लागते. ताई आतारी तोपर्यंत फक्त हवेत, माणसावर नाही. शेवटचे दोन काता, मिदारेदोमे आणि रानआई, शिबिराआधी उघडायचे नाहीत.